वरचा उतार बंद आहे

३ ऑगस्ट, रविवार

आज मी अध्यक्ष झाले. झाले म्हणजे मला केलं. मेंढपाळांच्या कुरण समितीची पहिली सभा होती, अठरा घरांची माणसं जमली होती, आणि अध्यक्ष कोण असं विचारताच सगळ्यांना आपापल्या बुटांच्या नाड्या एकदम महत्त्वाच्या वाटायला लागल्या. शेवटी वकील उठला. हा काही खरा वकील नव्हे. त्याच्याकडेही आमच्यासारख्याच मेंढ्या आहेत. पण सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी त्याची हरकत असते, म्हणून ते नाव पडलं. तो म्हणाला, "वहिनींना करा. शिकलेल्या आहेत, कडक आहेत, आणि बाईमाणसावर साहेब आवाज चढवणार नाहीत." लगेच सगळ्यांचे हात वर. माझी सुटका झाली नाही. खरं सांगायचं तर मी फारशी धडपडही केली नाही. शाळेत मी वर्गाची मॉनिटर होते. ती खाज जात नाही.

प्रकरण असं आहे. आमच्या मेंढ्यांनी वरचा उतार इतका खरडून खाल्लाय की पाऊस झाला की तिथली माती वाहून शहराच्या तलावात जाते. कुरण खात्याच्या कचेरीला ते नकोय. तिथल्या वरिष्ठांचं म्हणणं होतं की सगळ्या कुरणाला तार मारा आणि गवत ठेकेदाराला देऊन टाका. पण तिथल्याच आमच्या भागाच्या कुरणसाहेबांनी मध्ये पडून एक संधी मागून घेतली. वरचा उतार आम्ही यंदा गवताचं बी पिकून जमिनीवर पडेपर्यंत बंद ठेवायचा. ठेवला, तर सगळं कुरण दहा वर्षं समितीच्या ताब्यात. एकही कळप आत सापडला आणि आम्ही काही केलं नाही, तर करार संपला आणि आम्हीही.

कुरणसाहेब बरा माणूस आहे. तरुण आहे, बारा महिने सर्दी असते, बोलताना नाक पुसतो. "ताई, माझीही मान यात अडकलीय," म्हणाला. मला ते आवडलं. मान अडकलेली माणसं नीट काम करतात.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग आता जेवायला वाढायचं तेही ठराव मांडून का?"

११ ऑगस्ट, सोमवार

फाटकाला कुलूप लागलं. पाटी मीच रंगवली: वरचा उतार बंद आहे. अक्षर छान आलंय.

सभेत दोन ठराव झाले, दोन्ही माझे. पहिला: ज्याचा कळप वर सापडेल त्याने वर्षभर कुरणात पाऊल टाकायचं नाही. यावर माझे मोठे दीर, भाऊजी, उभे राहिले. भाऊजी सभेत बोलत नाहीत. त्यांचं घर उताराला अगदी लागून, पन्नास वर्षं तिथे चारलंय. म्हणाले, "शिक्षा ठेव, बाई. पण घर उठवणारी नको. मेंढीला भूक लागली की ती पाटी वाचत नाही." लोक हसले. मला राग आला. मी म्हटलं, शिक्षा बोचली नाही तर ती शिक्षा कसली? साहेब माझ्याकडे बघून मान डोलावत होते. ठराव झाला.

दुसरा: खालच्या कुरणात पाळीपाळीने चारायचं आणि अध्यक्षाच्या घरची पाळी सगळ्यात शेवटी. उगाच कुणी म्हणायला नको की हिने आपल्या पोळीवर तूप ओढलं. यावर टाळ्या पडल्या. आमचे हे मागच्या बाकावर होते, त्यांनीही वाजवल्या. निदान मला तसं वाटलं.

आणखी एक. तारेची रोज पहाटे फेरी मारायला माणूस हवा होता. फुकट कोण करणार? मी यांचंच नाव सुचवलं आणि फाटकाची किल्लीही यांच्याकडेच ठेवली. यांना घरी आल्यावर सांगितलं, तर काही बोलले नाहीत. यांचं न बोलणं म्हणजे होकार, हे मला पंधरा वर्षांच्या संसारात कळलंय.

२० ऑगस्ट, बुधवार

हे खरंच बदलले. आधी उजाडलं तरी पांघरूण सुटायचं नाही, आता मी उठायच्या आत कळप घेऊन बाहेर. म्हणतात, तारही बघून होते आणि नदीकाठच्या पट्टीत मेंढ्याही चरतात. नदीकाठच्या पट्टीत काय आहे ते देवालाच माहीत, मला तरी दगडच दिसले होते. पण मेंढ्या मजेत आहेत. संध्याकाळी स्वस्थ बसून रवंथ करतात, दूधही वाढलंय. सासूबाई धार काढता काढता म्हणाल्या, "तुझ्या मेंढ्या हवेवर जगायला शिकल्या वाटतं." मी म्हटलं, "निगा असली की होतं सगळं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कौतुक करता येत नाही, हा त्यांचा स्वभाव आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

पावसाने दडी मारलीय. खालच्या कुरणात गवत कमी आणि भांडणं जास्त. वकिलाची एक मेंढी बसली ती उठेना, चौघांनी धरून उभी केली. मग दुपारी भाऊजी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "कडेचा एक पट्टा तरी उघड. आठवडाभर. साहेबांशी मी बोलतो." मी म्हटलं, आज तुम्हाला पट्टा दिला तर उद्या वकील मागणार, परवा आणखी कुणी. नियम म्हणजे नियम. ते म्हणाले, "तुझं खरं आहे." आणि गेले. भाऊजी असे पटकन 'तुझं खरं' म्हणाले की मला का कोण जाणे, हरल्यासारखं वाटतं.

साहेबांचा संध्याकाळी निरोप आला. दुर्बिणीतून बघताना त्यांना वरच्या उतारावर ताजी चरलेली जागा दिसली. उद्या-परवा येऊन बघणार. मला जेवण गेलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये मी, पाटी रंगवून बसलेली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांबरोबर वर गेले. लेंड्या आहेत, ताज्या. आणि वरच्या बाजूच्या तारेला लोकरीचा झुबका अडकलेला, त्याच्यावर लाल रंग.

मेंढ्यांच्या पाठीवरची लाल खूण फक्त आमच्या घराण्याची. सासऱ्यांपासून चालत आलेली. वकिलाची निळी, बाकीच्यांची कुणाची हिरवी, कुणाची काळी. लाल म्हणजे भाऊजी. त्यांचं घर तिथेच, परवा तर तोंडाने मागायला आले होते. मी दिलं नाही म्हणून आपणच घेतलं. साहेबांनी विचारलं, "ताई, ओळखता का खूण?" घरचं माणूस. पण मी खोटं बोलले नाही. हे मला इथे लिहून ठेवायचंय, की मी त्या वेळी खोटं बोलले नाही.

यांना सांगितलं तर चेहरा एकदम उतरला. भावाचं ऐकून कुणाचाही उतरेल. "सभा घेऊ नकोस," म्हणाले, "मी दादाशी बोलतो." मी म्हटलं, घरातल्या घरात मिटवलं तर मी अध्यक्ष कसली? बराच वेळ हे दारात उभे होते. मग विचारलं, "समजा दादा नसेल तर?" मी म्हटलं, मग दुसरं कोण आहे लाल खुणेचं?

७ सप्टेंबर, रविवार

सभा झाली. झुबका हातोहात फिरला. वकिलाने तो बोटांत धरून बराच वेळ चोळला, हुंगला, आणि चमत्कार म्हणजे एकही हरकत न घेता पुढे दिला. मी भाऊजींना विचारलं, सगळ्यांसमोर, सरळ. "या मेंढ्या तुमच्या का?"

भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या बाकाकडे, जिथे हे बसले होते. दोघा भावांची नजरानजर झाली असावी, कारण हे लगेच खाली बघायला लागले. शरम वाटली असेल भावाची. मग भाऊजी म्हणाले, "माझ्याच असतील."

"असतील म्हणजे?"

"माझ्याच आहेत. लिही."

मी ठराव वाचला. वर्षभर कुरणाबाहेर. हात वर करा म्हटल्यावर ते इतके सावकाश वर आले की मला वाटलं, ही माणसं भाऊजींना घाबरतात. सभा संपल्यावर साहेब हळूच म्हणाले, "ताई, असं कुणी करत नाही. मी हे वर कळवणार आहे." मला रडू आलं आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

९ सप्टेंबर, मंगळवार

भाऊजी कळप घेऊन जाऊबाईंच्या माहेरच्या बाजूला निघाले. तिकडे भाड्याची चराई मिळते का बघणार. नाही मिळाली तर विकणार.

मी जाऊबाईंना भेटायला गेले. घरातल्या गाद्यासुद्धा बांधल्या होत्या. लग्न होऊन मी आले तेव्हा याच बाईने मला धार काढायला शिकवलं. पहिल्या वर्षी माझ्या हातून कोकरू दगावलं तर ते आपल्या हातून गेलं म्हणून सासूबाईंना सांगितलं होतं. म्हटलं, जाऊबाई, माझ्यावर राग धरू नका, नियम सगळ्यांना सारखा. त्या गाठ मारता मारता म्हणाल्या, "लोकांच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं गं तुला." म्हण अर्धीच सोडली. पुढची अर्धी मलाही येते. मला ते फार लागलं. मी कुणाचं काय खाल्लं?

हे भावाला सोडायला वळणापर्यंत गेले आणि अंधार पडल्यावर परतले. जेवले नाहीत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मध्ये पाऊस झाला. आज साहेब आणि मी वर गेलो होतो. लिहायला शब्द नाहीत. गुडघ्याएवढं गवत! इतकी वर्षं मी त्या उताराला टक्कल म्हणत आले. वाऱ्याने सगळा उतार एका बाजूला झुकतो आणि परत उठतो. बी भरलंय, टोकाला कुसळं धरलीत, हात फिरवला की चिकटतात. ओढ्याचं पाणी स्वच्छ. साहेब त्यात हात घालून बसले आणि सर्दी विसरले. म्हणाले, "वरचे लोक मला वेड्यात काढत होते." आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. हे झालं ते माझ्या कडकपणामुळे झालं, असं मनात आलं. आता आलंच तर लिहिते.

घरी रोजचंच काम. मेंढ्यांच्या लोकरीत कुसळं भरलीत, फणी घेऊन बसलं तरी निघत नाहीत. दर वर्षी या दिवसांत हा वैताग असतोच. यांच्या मोज्यांतही तीच; धुताना बोटं टोचून निघाली. म्हटलं, अहो, जरा झटकून येत जा. यांनी मोजे माझ्या हातातून ओढून घेतले आणि स्वतः धुवायला बसले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. अध्यक्षाचा नवरा होणं मानवतंय म्हणायचं.

४ ऑक्टोबर, शनिवार

क्रमाने लिहिते.

आज लोकर कातरणी. समितीने पहिल्यांदाच एकत्र ठेवली होती, गोदामाच्या मोठ्या शेडमध्ये, सगळ्यांचे कळप एकामागून एक. ही कल्पनाही माझीच. कातरणारा बाहेरगावचा होता, त्याला आमचं काही माहीत नाही. साहेब फोटो काढत होते. पहिले कळप झाले, लोकर टेबलावर पसरली, स्वच्छ. वकिलाची झाली, स्वच्छ. पाळीने शेवटी आमची.

पहिल्याच मेंढीला यंत्र अडकलं. दुसरीलाही. कातरणाऱ्याने शिवी हासडली आणि लोकर उचलून उजेडात धरली. "बाई, हे काय? लोकर आहे का गवताची गंजी? नुसती कुसळं! बाकी कुणाच्या मेंढ्यांत एक नाही आणि तुमच्या कुठे लोळल्या?"

दर वर्षी सगळ्यांच्याच लोकरीत कुसळं असतात. यंदा खालच्या कुरणात गवत बी धरेपर्यंत उभंच राहिलं नाही. कुसळं यंदा एकाच जागी होती. मी त्या जागी गेले होते. हात फिरवला होता.

शेडमध्ये यंत्र बंद झालं. सगळे टेबलाकडे बघत होते, माझ्याकडे कुणीच नाही. आणि मी मनातल्या मनात महिने लावत होते. भाऊजी गेले सप्टेंबरच्या सुरुवातीला. तेव्हा तिथलं गवत कोवळं होतं. कुसळं पिकली ती नंतर.

साहेब कॅमेरा खाली घेऊन म्हणाले, "काय झालं?"

वकील पुढे आला. टेबलावरच्या लोकरीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाला, "नदीकाठची कुसळं आहेत ही. तिकडे असतं असलं गवत. नाही का, वहिनी?"

तिकडे दगड आहेत. हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, त्या शेडमधल्या प्रत्येक मेंढीला माहीत आहे. एक साहेब सोडले तर सगळ्यांना.

मी म्हटलं, "हो."

यंत्र परत सुरू झालं.

५ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई बाहेर गेल्यावर यांना समोर बसवलं. यांनी काही लपवलं नाही. जणू कधी विचारते याची वाटच बघत होते.

"पहिल्यांदा एकदाच म्हणून गेलो," म्हणाले. "तू टाळ्या घेतल्यास आणि आपली पाळी शेवटी लावलीस. पाळी येईपर्यंत तिथे माती उरायची. मेंढ्या सभेला येत नाहीत गं, त्यांना ठराव कळत नाहीत. किल्ली तूच दिली होतीस."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला तोंडातून काढवेना.

"आणि दादा गेल्यावर?" मी विचारलं. "ते तुमच्या वाटणीची शिक्षा घेऊन गेले. त्यानंतरही?"

हे रडले. मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. "थांबायचंच होतं. पण थांबलो असतो तर मेंढ्या आठ दिवसांत वाळल्या असत्या. तू विचारलं असतंस, एकदम काय झालं. म्हणून जात राहिलो."

एखाद्याला मारावंसं वाटावं आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटावा, असं कसं असतं? मी दोन्ही केलं नाही. उठून भांडी घासली. सासूबाई आल्या, आमची तोंडं पाहिली आणि म्हणाल्या, "कळलं वाटतं एकदाचं." म्हणजे सासूबाईंनाही माहीत होतं. एका घरात राहून शेवटची मीच.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी कचेरीत गेले. ठरवून गेले की सांगायचं. जिना चढताना वाक्य पाठ करत होते.

साहेबांनी खुर्ची दिली, दार लावलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ताई, अहवाल गेला. वर सगळे खूश आहेत. एकोणीसला सह्या." मग नाक पुसत राहिले. फार वेळ. "तुम्ही घरच्या माणसाला काढलंत ते त्यात पहिल्या पानावर आहे. ठेकेदाराच्या बाजूचे लोक त्यावरच गप्प बसलेत."

मी म्हटलं, "साहेब, त्यात एक चूक आहे."

"नाही," ते म्हणाले. पटकन. आणि मला कळलं, त्या दिवशी शेडमध्ये त्यांनाही कळलं होतं. मी उगाच त्यांना एकट्याला वगळलं. "ताई, चूक असेल तर मला ती कळवावी लागेल. कळवली तर कळप सापडला आणि समितीने भलत्याला शिक्षा केली, असं होतं. मग करार नाही. अठरा घरं. आणि ते गवत डिसेंबरच्या आत कापून गाड्यांत भरतील. तुम्ही पाहिलंत ना ते?" आवाज दाटून आला होता, सर्दीने नव्हे. "तुम्ही मला काही सांगायला आला नव्हतात. सह्यांची तारीख विचारायला आला होतात."

मी तारीख विचारली. त्यांनी परत सांगितली.

१२ ऑक्टोबर, रविवार

भाऊजींकडे जाऊन आले. बस, मग दुसरी बस, मग चालत.

मेंढ्या विकल्या. सगळ्या. भाड्याची चराई मिळाली नाही. भाऊजी आता एका बर्फाच्या कारखान्यात दारावर बसतात. अंगात कंपनीचा कोट, तो खांद्यांत मोठा होतो. मला बघून उठले, स्टूल पुढे केलं. स्वतः उभे राहिले. मी त्यांचे पाय धरले तर मागे सरले. "दारावर तमाशा नको, बाई. नोकरी नवीन आहे."

मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं.

"झुबका हातात घेतल्यावर कळलं. माझ्या म्हाताऱ्या मेंढ्या, त्यांची लोकर राठ. ती मऊ होती. वकिलालाही कळलं, सगळ्यांनाच कळलं. मेंढपाळाला लोकर कळणार नाही तर काय कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर अध्यक्षाचंच घर चोर ठरलं असतं. साहेब कुणाच्या तोंडाकडे बघून करार करणार होते? माझं तोंड बघून?" ते हसले. "आणि तो धाकटा आहे. लहानपणापासून त्याचा मार मीच खात आलोय. सवय आहे."

मी म्हटलं, मी सांगणार. सगळं. सह्यांच्या आधी.

तेव्हा मात्र ते चिडले. भाऊजी चिडलेले मी पहिल्यांदा पाहिले. "तुझ्या मनावरचा भार हलका व्हावा म्हणून सतरा घरांचं कुरण घालवणार? आणि मी मेंढ्या विकल्या त्या कशासाठी? उगाच? तू बोललीस ना, तर माझं गेलेलं फुकट जाईल. एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर. गप्प बस."

तेवढ्यात गाडी आली, ते फाटक उघडायला धावले. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता, त्या थंडगार दारातही. जाऊबाईंना भेटू का, विचारलं. म्हणाले, "नको. तिला गप्प बसायचं कबूल नाही. मी शपथ घातलीय म्हणून बसलीय."

परतीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा मनापासून रडले. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का? मी मान हलवली. हो की नाही, कसंही समजा.

१९ ऑक्टोबर, रविवार

सह्या झाल्या. सुट्टीचा दिवस असूनही कचेरीत खुर्च्या, फुलं, मोठे साहेब. कुरण दहा वर्षं आमचं. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. वकिलाच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंद खरा होता, तो मी नाकारत नाही. माझ्याही मनात क्षणभर आला आणि मग उभं राहायला त्याला जागा मिळेना.

भाषणात मी राजीनामा दिला. तब्येतीचं कारण सांगितलं. सगळे हसले, त्यांना विनय वाटला. मोठे साहेब म्हणाले, करारात अध्यक्ष म्हणून माझंच नाव आहे, बदललं तर कागद नव्याने करावा लागेल, मग पुन्हा सगळी तपासणी. 'तपासणी' म्हटल्याबरोबर अठरा घरांचे हात वर. नाही, सतरा. वहिनीच हव्यात.

बाहेर आल्यावर मी वकिलाला धरलं. म्हटलं, भाऊजींना परत घ्यायचा ठराव मांडते, मेंढ्या वर्गणीने घेऊन देऊ. तो म्हणाला, "मांडा. सगळे हात वर करतील. पण दादा नाही येणार. मी मागच्या आठवड्यात गेलो होतो." मग इकडेतिकडे बघून, "सगळेच एकेकदा जाऊन आलेत, वहिनी. त्यांनी कुणालाच बसवून घेतलं नाही. तुम्हाला तरी स्टूल दिलं म्हणे."

यांनी आपला कळप विकायला काढलाय, मला न विचारता. मी अडवलं नाही. पहिल्या काही मेंढ्यांचे पैसे भावाकडे पाठवले ते परत आले. पुन्हा पाठवलेत.

९ नोव्हेंबर, रविवार

साहेबांनी गाडीतून शेजारच्या खोऱ्यात नेलं. तिथल्या मेंढपाळांशीही कचेरीला असाच करार करायचाय आणि लोक बिचकतायत. "तुम्ही फक्त अनुभव सांगा," म्हणाले. गेल्या आठवड्यापासून त्यांची झोप गेलीय, डोळे खोल गेलेत. सगळ्या वाटेवर आम्ही हवापाण्याबद्दल बोललो.

शाळेची खोली, लहान मुलांचे बाक. मी पाळ्या सांगितल्या, फाटक सांगितलं, गवत सांगितलं. गवताचं सांगताना खरंच बोलले, त्यामुळे लोक पुढे सरकून ऐकायला लागले. मग पहिल्या बाकावरची एक बाई उठली. माझ्याच वयाची, केस घट्ट बांधलेले, हनुवटी वर. तिलाच अध्यक्ष करणार आहेत, हे न सांगताही कळत होतं. तिने विचारलं, "कुणी नियम मोडला तर? आमच्याकडे सगळे एकमेकांचे नातेवाईक. तुमच्याकडे कुणी मोडलाच नाही?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

मी म्हटलं, "मोडला. माझ्या मोठ्या दिरांना वर्षभरासाठी काढलं."

खोलीत कुजबुज झाली आणि मग टाळ्या. मागचे उभे राहून वाजवत होते. ती बाईही वाजवत होती, सगळ्यांत जोरात, चेहरा उजळलेला. तो चेहरा मी आरशात पाहिलाय, ऑगस्टमध्ये.

निघताना ती नळापाशी आली. मी तोंडावर पाणी मारत होते. म्हणाली, "बाई, तुमच्यासारखं धाडस मला जमेल का, माहीत नाही. एक विचारू? त्यांना काढलंत तेव्हा तुमची खात्री होती ना, की तेच होते?"

"पूर्ण खात्री होती."

"आणि तेच होते ना?"

नळ मी बंद केला. कुणालाच सांगायचं नाही, असं भाऊजींनी घेतलेलं वचन. पण ही माझी कोणी नव्हती, आणि ती उद्या सही करणार होती.

"नव्हते," मी म्हटलं.

तिचा चेहरा हळूहळू बदलला. मग तिने हळूच विचारलं, "मग तुम्ही आता काय करता?"

"आता मी अध्यक्ष आहे."

साहेबांनी गाडीचा हॉर्न वाजवला. मी पदराने तोंड पुसलं आणि जाऊन बसले.